चिनी चित्र ‘वाचायचं’ कसं? जळता जळता वाचलेल्या एका गुंडाळीची गोष्ट

शाळेत ज्यांनी एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्यात त्यांना आठवत असेल, स्टिल लाईफला टेबलावर तांब्या, पेला आणि एखादं वांगं मांडून ठेवायचे आणि सर मागून येऊन म्हणायचे, अरे उजेड कुठून येतोय ते आधी ठरव. एका बाजूला हायलाइट, दुसऱ्या बाजूला शेड, खाली सावली, झालं चित्र. माझ्या डोक्यात हे इतकं घट्ट बसलेलं की चिनी निसर्गचित्रांचं पुस्तक पहिल्यांदा हातात आलं तेव्हा दहा मिनिटांत मिटून ठेवलं. सगळी पानं सारखीच. धुकं, डोंगर, एक वाकडं झाड, मुंगीएवढा म्हातारा, वर कोपऱ्यात काहीतरी लिहिलेलं आणि त्यावर लाल शिक्के. आणि एकाही डोंगराची सावली पडलेली नाही, म्हणजे आमच्या सरांनी सरळ नापास केलं असतं.

मग बऱ्याच वर्षांनी कळलं की हा वैताग दोन्हीकडून होता. १८व्या शतकात चीनच्या दरबारात झोउ यीग्वेइ नावाचा एक अधिकारी होता, स्वतः चांगला चित्रकार, आणि त्याच काळात इटलीहून आलेला कास्तिल्योने नावाचा जेझुइट (ख्रिस्ती धर्मप्रचारक) तिथेच बादशहासाठी घोडे आणि माणसं रंगवत होता. या झोउने युरोपियन चित्रांबद्दल लिहून ठेवलंय ते मजेशीर आहे. त्याचं म्हणणं असं की यांचं सावल्यांचं आणि लांब-जवळचं गणित पक्कं असतं, भिंतीवर वाडा काढला तर माणूस आत शिरायला जाईल, शिकणाऱ्याने यातलं थोडंफार घ्यायला हरकत नाही, पण ब्रशचं काम म्हणाल तर शून्य, त्यामुळे कितीही सफाई असली तरी ही कारागिरीच, हिला चित्रांत धरता येत नाही.

म्हणजे आपण ज्याला चित्र म्हणतो त्याला तो चित्रच म्हणायला तयार नाही! हा अडाणी होता म्हणून सोडून देता येत नाही. ‘ब्रशचं काम’ म्हणजे त्याला नक्की काय म्हणायचं होतं ते समजलं की बाकीचं बरंच उलगडतं, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

पूर्वी घरात बाळ झालं की काजळ धरायचे. तेलाचा दिवा लावायचा, वर तांब्याची वाटी पालथी घालायची, आत काजळी जमते ती खरवडून घ्यायची. चिनी शाई सुरू होते ती अगदी अशीच, एकतर तेलाच्या दिव्यांची काजळी नाहीतर पाइनचं लाकूड जाळून धरलेली. त्यात जनावरांच्या चामड्यापासून केलेला सरस घालून गोळा मळायचा, कुटायचा, साच्यात दाबून कांडी करायची आणि सावकाश वाळवायची. चित्र काढायच्या वेळी दगडाच्या शाईपाटीवर थोडं पाणी घ्यायचं आणि चंदन उगाळतो तशी ती कांडी उगाळायची. किती उगाळली, किती पाणी घातलं यावर गर्द काळ्यापासून पार फिक्या राखाडीपर्यंत हव्या त्या छटा मिळतात, रंगपेटीची गरजच नाही.

माझा भाचा शांघायला होता त्याने एकदा असा सेट आणून दिला, शाईची कांडी, दगड, बकरीच्या केसांचा एक ब्रश आणि शुआन कागदाची भेंडोळी. हा कागद आनह्वेइ प्रांतातल्या जिंग परगण्याची खासियत, एका विशिष्ट झाडाची साल आणि भाताचा पेंढा यांच्यापासून करतात, आणि कोरा घेतला तर टीपकागदासारखा शाई पितो (तुरटी लावलेला पण मिळतो, त्यावर शाई पसरत नाही, पण भाच्याला काय माहीत). म्हटलं बांबू काढू, सोप्पा असतो. ब्रश टेकवला आणि सवयीने जरा थांबलो, कुठून वळवायचा असा विचार करत, तेवढ्यात तिथे कवडीएवढा डाग पसरला. परत त्यावरून फिरवायला गेलो तर दोन रेघा वेगवेगळ्या दिसायला लागल्या. खोडायची सोय नाही. ऑइलमध्ये कसं, चुकलं तर खरवडा नाहीतर वरून दुसरा थर द्या, इथे हात एकदाच फिरणार आणि तो कसा फिरला, दाबून की हलका, घाईत की कचरत, ब्रश ओला होता की सुकत आलेला, सगळं कागदावर तसंच्या तसं उमटून राहणार. माझ्या बांबूच्या प्रत्येक पेरात मी घाबरलेला दिसत होतो.

आता हाच ब्रश, हीच शाई, हाच कागद तिथे लिहायलाही वापरायचे. शिकल्यासवरलेल्या घरातलं पोर लहानपणापासून त्याच ब्रशने कित्ता गिरवायचं, त्यामुळे मोठेपणी समोर चित्र आलं की त्याच्या हाताला कळायचं ही रेघ कशी ओढली असेल. आपण नाही का एखादं पत्र बघून म्हणतो, हे घाईत लिहिलंय, किंवा हात थरथरत होता वाटतं, तसं. बांबू शाईत काढला तर ‘काढला’ म्हणण्याऐवजी ‘लिहिला’ म्हणायची पद्धत होती, आणि चित्र निवांत बघण्याला ‘चित्र वाचणं’ असा शब्दच आहे त्या भाषेत. झोउला युरोपियन चित्रात हेच सापडत नव्हतं. तिथे रेघा एकमेकींत मिसळून गुळगुळीत केलेल्या, म्हणजे सुंदर छापील मजकूर आहे पण अक्षर कोणाचं ते कळत नाही, अशी त्याची तक्रार.

डोंगराच्या अंगावर जे बारीक फटकारे दिसतात त्यांनाही अशीच नावं आहेत. सुटलेल्या तागाच्या धाग्यांसारखे लांब सैल फटकारे मऊ मातीच्या डोंगरांना, कुऱ्हाडीच्या घावांसारखे आडवे फटकारे कातळाला, आणि असे कितीतरी. जाणकार नुसत्या फटकाऱ्यांवरून सांगायचे की हा कोणत्या गुरूच्या वळणावर गेलाय, गाणं ऐकणाऱ्याला दोन मिनिटांत घराणं कळतं तसं.

बरं, वाचायचं म्हणजे शब्दशः वाचायचं. आडवी लांब चित्रं गुंडाळून ठेवलेली असायची. कधीतरी मित्र आला की काढायची, टेबलावर ठेवायची, डाव्या हाताने उलगडायची आणि उजव्याने गुंडाळत जायची, उजवीकडून डावीकडे, एका वेळी हातभर. बेइजिंगच्या पॅलेस म्युझियममधलं झांग झदुआनचं १२व्या शतकातलं चित्र घ्या, छिंगमिंगच्या, म्हणजे पितरांच्या वसंतातल्या सणाच्या दिवसांतला नदीकाठ दाखवणारं. उंची वीतभर, लांबी पाच मीटरच्या वर. सुरुवातीला गावाबाहेरची शेतं, गाढवं, मग हळूहळू वस्ती, मग मधोमध कमानीचा लाकडी पूल आणि तिथे गोंधळ माजलेला, कारण एक मोठी नाव पुलाखाली यायला लागलीय आणि डोलकाठी वेळेत खाली घेतलेली नाही. नावेवर धावपळ, पुलावरची माणसं कठड्यावरून वाकून ओरडतायत, एकाने वरून दोर टाकलाय. हे सगळं तुमच्या बोटांखाली उघडतं, आणि पुढे काय होणार हे अजून गुंडाळीत असतं. म्युझियममध्ये काचेखाली पूर्ण पसरून ठेवतात आणि आपण मोबाईल धरून दोन मिनिटांत पुढे सरकतो त्यात ही गंमत पार जाते, पण त्यांचा पण इलाज नाही.

आणि म्हणूनच आपल्या शाळेतलं पर्स्पेक्टिव्ह इथे चालत नाही. एका जागी एक डोळा ठेवून बघितलेलं दृश्य पाच मीटर कसं लांबवणार? ग्वो शी नावाचा ११व्या शतकातला चित्रकार होता, त्याचं १०७२ सालचं ‘लवकरचा वसंत’ हे चित्र तैवानमध्ये तैपेइत आहे, त्याचे विचार मुलाने लिहून ठेवले. तो तीन प्रकारचे लांबपणे सांगतो, पायथ्याशी उभं राहून शिखराकडे बघणं, समोरच्या डोंगराच्या मागे डोकावणं आणि जवळच्या डोंगरावरून दूरवर नजर टाकणं, आणि एकाच चित्रात तिन्ही येऊ शकतात कारण बघणारा चालतोय. तो असंही म्हणतो की चित्रातले काही डोंगर नुसते ओलांडून जायचे, काही बघायचे, पण जिथे भटकावंसं आणि राहावंसं वाटेल ते खरे. सरकारी नोकरीत अडकलेल्या, आईबापांना सोडून डोंगरात जाता न येणाऱ्या माणसासाठी चित्र असतं, हे त्याचं कारण मला फार पटतं.

कोऱ्या जागेबद्दल मात्र जरा जास्तच गूढ बोललं जातं असं माझं मत. पावसाळ्यात माळशेज घाटात उभं राहिलात तर डोंगराचा मधला भाग गायब आणि शेंडा वर तरंगतोय हे डोळ्यांनी दिसतं, तिकडचे डोंगरही तसेच. कागद न रंगवता सोडला की ते धुकं होतं, नावेभोवती सोडला की पाणी होतं. तत्त्वज्ञान आहेच त्यात, ताओवाद वगैरे, पण आधी ते नीट बघणं आहे.

बरं त्यांना हुबेहूब काढता येत नव्हतं असंही नाही, उलट फार लवकर आलं. इ.स. १०००च्या आसपासच्या फान ख्वानचं दोन मीटर उंच चित्र आहे, वरचा बहुतेक भाग एकच अजस्र कडा, खाली कोपऱ्यात खेचरांचा तांडा इवलासा, प्रत्येक झाडाची जात वेगळी. या पठ्ठ्याने सही पानांमध्ये अशी लपवली होती की ती १९५८ मध्ये सापडली! पुढे ह्वेइझोंग नावाचा सम्राट झाला तो स्वतः उत्तम चित्रकार, त्याने दरबारी चित्रशाळेसाठी परीक्षा ठेवल्या. एक किस्सा नेहमी सांगतात, विषय दिला होता कवितेची ओळ, फुलं तुडवून आलेल्या घोड्याच्या टापांना सुगंध येतोय, आता सुगंध कसा काढणार, तर एकाने फुलं काढलीच नाहीत, टापांमागे फुलपाखरं काढली. या सम्राटाचं पुढे वाईट झालं, ११२७ मध्ये उत्तरेकडच्या जुर्चेन लोकांनी राजधानी जिंकून त्याला पकडून नेलं, आणि चित्रांपायी राज्य घालवलं असा ठपका कायमचा बसला.

पण त्याच्या आधीच सू शी नावाचा कवी-अधिकारी एका ओळीत बाँब टाकून गेला होता, की चित्र हुबेहूब आहे का यावरून जो पारख करतो त्याची समज पोराटोरांएवढी. चित्रकलेच्या इतिहासात चीनची जागा कुठे, असं मला कोणी विचारलं तर मी या ओळीवर बोट ठेवीन. युरोपात पुढची कित्येक शतकं जे गाठायची धडपड चालली ते इथे गाठून झालेलं होतं आणि शिकलेल्या वर्गाने ते मुद्दाम बाजूला ठेवलं, म्हणाले हे काम पगारी चित्रकारांचं, आम्ही आमचं मन लिहिणार.

याला जोर आला तो मंगोल आल्यावर. १२७९ मध्ये ह्वेइझोंगच्या घराण्याचं सोंग राज्य संपलं, परीक्षा देऊन अधिकारी व्हायची वाट बंद झाल्यासारखी, आणि शिकलेली माणसं मठात, गावात, डोंगरात पांगली. झंग सिश्याओ नावाच्या एकाने ऑर्किड काढलं त्याला खाली मातीच नाही, कारण मातृभूमी गेली. नी झान तर निसर्गचित्रात माणूसच काढेना, रिकामी झोपडी, चार सुकी झाडं, मधे पाणी. झाओ मंगफू मात्र मंगोलांच्या नोकरीत गेला आणि त्याबद्दल आजही बोलणी खातो, त्याची बायको ग्वान दाओशंग बांबू काढण्यात नावाजलेली होती हे तेवढं लोक सांगायचं विसरतात.

आणि ह्वांग गोंगवांग. जन्म १२६९. किरकोळ सरकारी कारकून, वरिष्ठाच्या भानगडीत हाही अडकला, तुरुंगात जाऊन आला, मग ज्योतिष सांगून पोट भरलं, ताओपंथी झाला, आणि चित्रकार म्हणून नाव झालं ते उतारवयात. ऐंशीच्या घरात असताना तो हांगचौजवळच्या फूछुन नदीकाठच्या डोंगरात राहायला गेला आणि १३४७ मध्ये एका गुंडाळीवर चित्र सुरू केलं. शेवटी त्याने स्वतःच्या हाताने लिहिलंय की तीन-चार वर्षं झाली तरी पुरं होईना कारण मी भटकत असतो, आता सामानात बरोबर घेऊन फिरतो आणि जमेल तेव्हा भर घालतो. ज्या मित्रासाठी काढत होता त्या वूयोंगला धास्ती, की कोणीतरी गोड बोलून नाहीतर दांडगाईने हे लाटणार, म्हणून चित्र अर्धवट असतानाच त्याने १३५० मध्ये म्हाताऱ्याकडून हे लिहून घेतलं. ॲडव्हान्स नोंदणीच म्हणा.

चित्रात काय आहे? काही नाही हो. बुटके गोल डोंगर, त्यांच्यावर तागाच्या धाग्यांसारख्या सैल रेघा, पाइन, एखादी मचाणासारखी झोपडी, नावेत कोळी. पण रेघा बघत गेलात तर कुठे फिक्या ओल्या रेघेवर नंतर सुकलेल्या गडद रेघा आल्यात, म्हणजे म्हातारा कितीतरी दिवसांनी परत तिथे आलाय, असं वाटत राहतं.

वूयोंगची भीती खरीच ठरली म्हणायची. चित्र हातोहात फिरत १७व्या शतकात यीशिंगच्या वू घराण्यात आलं, वू होंगयूकडे. याचा जीव त्या चित्रात इतका, की १६५० मध्ये मरणपंथाला लागल्यावर म्हणाला, जाळा ते, बरोबर नेतो. आगीत टाकलं पण. पुतण्याने ऐन वेळी ओढून काढलं आणि बदली दुसरी गुंडाळी आत ढकलली. गुंडाळीचं बाहेरचं टोक म्हणजे चित्राची सुरुवात, तीच जळाली, आणि चित्राचे दोन तुकडे झाले. एक जेमतेम अर्धा मीटर, त्यात एकच डोंगर उरलाय आणि नावही ‘उरलेला डोंगर’. दुसरा सहा मीटरहून लांब.

पुढचा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो. चिनी चित्रांवर मालक लोक आपले शिक्के मारतात, मोकळ्या जागेत अभिप्राय लिहितात, कविता लिहितात, म्हणजे आपल्या सातबाऱ्यावर फेरफार चढत जावेत तसा सगळा इतिहास चित्रावरच साठत जातो आणि त्याला खराब करणं समजत नाहीत, हौशीने वाचतात. छ्येनलोंग बादशहा यात सगळ्यांचा बाप, त्याचा हात थांबायचाच नाही. १७४५ मध्ये त्याच्याकडे फूछुनची एक गुंडाळी आली, तो इतका खूष की तिच्यावर पन्नासहून जास्त वेळा लिहून ठेवलं, जिथे जागा मिळेल तिथे. पुढच्याच वर्षी दुसरी गुंडाळी आली. आता आली का पंचाईत! त्याने निकाल दिला, ही दुसरी नक्कल, पण बरी आहे, ठेवा. आणि तसं तिच्यावर लिहूनही घेतलं.

अर्थात दुसरी अस्सल होती. २०व्या शतकात तज्ज्ञांनी निकाल फिरवला. बादशहा चुकला म्हणून अस्सल चित्राचं आकाश मोकळं राहिलं आणि नकलेचा बिचारीचा फळा झाला.

मोठा तुकडा राजवाड्याच्या बाकीच्या खजिन्याबरोबर यादवी युद्धात तैवानला गेला, तैपेइत आहे. छोटा १९५६ मध्ये हांगचौच्या जजियांग प्रांतिक म्युझियमला मिळाला. मध्ये समुद्र आणि राजकारण. २०११ मध्ये छोटा तुकडा तैपेइला नेऊन दोन्ही एकत्र मांडले होते, प्रदर्शन संपल्यावर तो परत हांगचौला.

कलेच्या इतिहासाचं कुठलंही जाड पुस्तक घेतलं तर ग्रीस, रोम, इटली, पॅरिस अशी एक गाडी धावत असते आणि चीन मधल्या एखाद्या प्रकरणात साइडिंगला उभा असतो. यात एक विनोद असा की कलेचा इतिहास लिहायची हौस तिथलीच जुनी आहे. झांग यान्युआनने नामांकित चित्रांच्या नोंदींचा ग्रंथ ८४७ मध्ये पूर्ण केला, चित्रकारांची चरित्रं, खरं-खोटं कसं ओळखायचं, सह्या, शिक्के, माउंटिंग सगळं त्यात. युरोपात या विषयाचा पहिला मोठा ग्रंथ म्हणून इटलीतल्या वसारीचं नाव घेतात, तो १५५०चा.

पण चिनी पंडितांचा इतिहासही धुतल्या तांदळासारखा नाही. तो त्यांनी स्वतःच स्वतःबद्दल लिहिलेला, त्यामुळे शाई-कागदवाले शिक्षित ते थोर आणि भिंती रंगवणारे गवंडी-चितारी ते क्षुल्लक. वायव्य चीनमधल्या दुनहुआंगच्या गुहांमधली बौद्ध भित्तिचित्रं, आपल्या अजिंठ्याचे लांबचे भाऊबंदच, रंगांनी नुसती ओसंडतायत, पण ती करणाऱ्या बहुतेकांची नावंही कोणी लिहून ठेवली नाहीत.

आणि मग २०व्या शतकात वारं फिरलं. देश पिचलेला, तरुण पोरं म्हणायला लागली की हे धुकं आणि म्हातारे पुरे, बाहेरून शिकून या. शू बेइहोंग नावाचा तरुण चित्रकार १९१९ मध्ये पॅरिसला गेला, वर्षानुवर्षं मॉडेल समोर बसवून ड्रॉइंग केलं, उजेड कुठून येतोय ते ठरवून, आमच्या सरांना आवडला असता. १९३९च्या शेवटी रवींद्रनाथांच्या बोलावण्यावरून तो शांतिनिकेतनला आला, रवींद्रनाथांची चित्रं केली, गांधीजी तिथे आले तेव्हा त्यांचंही केलं. आणि भारतातच १९४० मध्ये त्याने डोंगर खणून हलवायला निघालेल्या हट्टी म्हाताऱ्याची जुनी चिनी गोष्ट चार मीटरहून लांब कागदावर काढली. खणणाऱ्या उघड्याबंब गड्यांसाठी मॉडेल म्हणून उभे केले ते इथले भारतीय. दंडांचे आणि मांड्यांचे स्नायू, शेडसकट, आणि तेही त्याच उगाळलेल्या शाईत, ब्रशने.